नाशिकचा विस्तव

नाशिकचें नांव निघालें कीं कोणाला गोदावरी आठवते, कोणाला काळारामाचें मंदिर, कोणाला पांडवलेणीं. हल्लींच्या पिढीला द्राक्षांचे मळे आठवतात. मला मात्र सर्वांत आधीं आठवतो तो थंडीच्या पहाटे जुन्या गांवाच्या बोळाबोळांतून येणारा, नुकत्याच पेटूं लागलेल्या कोळशाचा वास. नाशिक हें माझें आजोळ. समुद्रसपाटीपासून सुमारें १,९०० फूट उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेल्या ह्या गांवची थंडी मुंबईकरांस सांगून समजावयाची नाहीं. शेजारच्या निफाडास तर एखाद्या वर्षीं पारा पांच अंशांच्याहि खालीं जातो. अशा थंडींत घरांतलें पहिलें काम विस्तवाचें. आधीं बंब पेटे, मग शेगडी पेटे, आणि त्यानंतर माणसें एकेक करून पांघरुणांतून बाहेर येत.

गेल्या पौषांत धाकट्या बहिणीकडे चार दिवस राहण्याचा योग आला. तिचें बिऱ्हाड आतां जुन्या गांवांत नाहीं. गंगापूर रस्त्यावर तिच्या मुलानें टुमदार बंगला बांधला आहे. हा माझा भाचा सात-आठ वर्षें अमेरिकेंत नोकरी करून परत आला, आणि तिकडच्या सुखसोयींपैकीं ज्या ज्या आणतां येतील त्या त्या त्यानें आणल्या आहेत. माझा चहा होतो न होतो तोंच त्यानें मला मागच्या अंगणांत नेलें.

"मामा, हें काय असेल सांगा पाहूं?"

चाकांच्या घडवंचीवर करड्या रंगाचें एक भलें मोठें अंडें बसविलें होतें. त्याचा वरचा अर्धा भाग बिजागरीवर उघडत होता; खालीं एक लहानसें सरकतें दार आणि माथ्यावर एक झरोका होता.

"रांजणाला झांकण लावलेलें दिसतें," मी म्हणालों.

"शेगडी आहे मामा, चिनी मातीची! आंत लाकडी कोळसा घालायचा."

ह्या परदेशी पाहुणीचें कूळ पाहूं गेल्यास तें आपल्याच आशिया खंडांतलें निघतें. जपानी भाषेंत चुलीला 'कामादो' म्हणतात. भात शिजविण्याच्या तिकडच्या मातीच्या, झांकणाच्या चुली दुसऱ्या महायुद्धानंतर जपानांत राहिलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मनास आल्या व त्यांनीं त्या मायदेशीं नेल्या. १९७४ सालीं अटलांटा शहरांत एका दुकानदारानें त्यांचा व्यापार सुरू केला, आणि पुढें साध्या मातीच्या जागीं अधिक धग सोसणारी चिनी माती आली. जाड भिंत उष्णता धरून ठेवते, खालच्या दारानें वारा आंत शिरतो, वरच्या झरोक्यानें बाहेर पडतो, आणि हीं दोन दारें कमीअधिक उघडून आंच हवी तशी राखतां येते. थोडक्यांत, आमच्या आजीचीच शेगडी. तिला झांकण मात्र नवें आलें.

"मग अडचण कोठें आहे?" मीं विचारलें.

ह्याचें उत्तर बहिणीनें दिलें. "दादा, ह्याला ती पेटवतां येत नाहीं! काल बाटलींतलें कसलेंसें तेल ओतून पेटवली. भरताचीं चार मोठीं वांगीं भाजलीं. भरीत पानांत पडलें आणि साऱ्या घराला रॉकेलच्या दुकानाची कळा आली."

भाच्यानें मान खालीं घातली. असें तेल वापरूं नये, असें शेगडीबरोबरच्या पुस्तिकेंत स्पष्ट छापलेलें होतें. परंतु वस्तूबरोबर आलेली पुस्तिका वाचणें हें आमच्या घराण्यांत बसत नाहीं. मी म्हणालों, "उद्यां बुधवार आहे. सकाळीं माझ्याबरोबर गांवांत चल. विस्तव कसा पेटवावा हें नाशिकाइतकें चांगलें दुसरीकडे कोठें शिकावयास मिळावयाचें नाहीं."

दुसऱ्या दिवशीं आम्ही रविवार कारंजापासून पायीं निघालों. जुनें नाशिक नऊ टेकड्यांवर वसलें आहे अशी समजूत आहे, आणि ज्यानें ह्या गांवांतून पायीं फेरी मारली आहे त्याला ती खरी वाटल्यावांचून राहत नाहीं. रस्ता चढतो, वळतो, उतरतो, आणि प्रत्येक वळणावर निराळा धंदा दिसतो. भांडीबाजारांत शिरलों तों दुतर्फा पितळेचीं पातेलीं, समया, घंगाळें झळकूं लागलीं. नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांची कीर्ति फार जुनी आहे. लग्नाच्या रुखवतासाठीं येथून भांडीं नेल्यावांचून पूर्वीं पुष्कळ घरांना चैन पडत नसे. तांबट आळींत घणांचा पूर्वींचा गजर आतां उरलेला नाहीं. तरी एका दाराआड भट्टी चालू दिसली व आम्ही क्षणभर उभे राहिलों.

"ही कशानें पेटवतात?" भाच्यानें विचारलें.

आंतल्या वयस्क कारागिरानें मान वर न करतांच उत्तर दिलें, "कालच्या विस्तवानें."

रात्रीं भट्टी बंद करतांना चार जाड निखारे राखेखालीं पुरून ठेवावयाचे. सकाळीं राख बाजूला केली कीं आंत लाल डोळा जागा असतो. त्यावर बारीक कोळसा, मग मोठा, आणि मग वारा. आधीं हळू, मग जोरानें. मला लहानपणींचा कल्हईवाला आठवला. तो वाड्याच्या चौकांत बसकण मारी, जमिनींत लहानसा खळगा करी, त्यांत भात्याची नळी सोडी आणि कोळशावर निखारा ठेवून भाता हलवूं लागे. पातेलें तापलें कीं नवसागराचा पांढरा धूर निघे, कथिलाचा तुकडा पातेल्यांत फिरे आणि काळवंडलेलें पितळ चांदीसारखें होई. आम्ही मुलें कथिलाकडे पाहत असूं. परंतु कल्हईवाल्याचें लक्ष सर्वकाळ विस्तवाकडे असे. भाता कधीं दाबावा ह्यापेक्षां कधीं दाबूं नये हें त्याला अधिक कळत होतें.

तेथून सराफबाजारांत आलों. सोनाराच्या बागेसरींत मूठभर कोळसा असतो, आणि तो फुंकणीनें असा फुलवतात कीं जेथें डाग द्यावयाचा तेवढ्याच जागीं आंच लागावी. तांबटाचा विस्तव परातीएवढा, सोनाराचा वाटीएवढा. नियम मात्र एकच. कोळसा हा आधींच एकदां जळून आलेला असतो. लाकूड मातीखालीं झांकून, पुरेशी हवा न देतां तापविलें कीं त्यांतील पाणी व धूर निघून जातो आणि मागें राहतो तो कोळसा. रायगडाकडील भट्ट्यांवर कातकरी कुटुंबें महिनेच्या महिने ह्याच कामीं राबतात. धूर आधींच गेलेला असल्यामुळें कोळसा लाकडासारखा भडकत नाहीं. त्याच्या एखाद्या कोपऱ्याला तीनशें-चारशें अंशांची धग कांहीं वेळ लागून राहिली पाहिजे. मग तो कोपरा लाल होतो आणि शेजारच्याला पेटवतो. तेल ओतून जी मोठी ज्वाळा दिसते ती तेलाची असते, कोळशाची नसते. तेल संपतें, ज्वाळा निवते आणि कोळसा पूर्वींइतकाच थंड व काळा राहतो.

"म्हणूनच मी पुनः पुनः ओतत होतों," भाचा म्हणाला.

सराफबाजारापासून हाकेच्या अंतरावर आमच्या आजोळचा वाडा होता. आतां त्या जागीं चार मजल्यांची इमारत आहे. तिच्या जिन्याखालीं उभें राहून मीं त्याला त्याच्या पणजीची शेगडी सांगितली.

शेगडी कसली, तर पत्र्याच्या जुन्या बादलीला आंतून माती लिंपून केलेली. मध्यें लोखंडी जाळी, खालीं वाऱ्याचें तोंड. आजी प्रथम राख काढी. "राख साचली कीं शेगडीला श्वास नाहीं," असें ती म्हणे. मग जाळीवर फोडलेल्या करवंट्या व बंबफोडीच्या दोन-तीन ढलप्या उभ्या-आडव्या रची. देवाच्या फुलवाती वळतांना ज्या वांकड्या होत त्या एका डबींत बाजूला पडत. त्यांतली एक तेलांत बुडवून ती ढलप्यांच्या मधोमध ठेवी व काडी लावी. करवंटीनें पेट घेतला कीं वर सुपारीएवढे कोळसे, त्यावर लिंबाएवढे, आणि सर्वांवर मोठे. शेगडीचें तोंड वाऱ्याकडे करून ती चौकांत ठेवी आणि सडा-रांगोळीला जाई. पंखा लगेच हातीं घेत नसे. कोळशाच्या कडेला पांढरी राख दिसूं लागली म्हणजेच वारा घालावयाचा. त्यापूर्वीं घातला तर ठिणग्या उडतात आणि उबदार झालेला कोळसा उलट निवतो.

हा झाला घाईच्या वेळचा, खालून पेटवण्याचा प्रकार. दूध आटवावयाचें असलें म्हणजे तिची रीत निराळी असे. तेव्हां ती शेगडी आधींच कोळशानें भरी आणि चुलींतले दोन निखारे चिमट्यानें आणून वरच ठेवी. विस्तव मग वरून खालीं, एकेक कोळसा धरीत उतरे. शेगडी दोन-दोन तास मंद आंच देई, आणि मध्यें कोळसा घालावा लागत नसे. काम झाल्यावर उरलेले निखारे ती पाण्यानें विझवीत नसे. मडक्यांत टाकून वर घट्ट झांकण ठेवी. हवा तुटली कीं निखारा विझतो, आणि असा विझवलेला कोळसा दुसऱ्या दिवशीं नव्यापेक्षां लवकर पेटतो.

"मामा, पुस्तिकेंत हेंच आहे," भाचा हळूच म्हणाला. "काल रात्रीं वाचली. लवकर हवें असेल तर खालून, सावकाश हवें असेल तर वरून. झाल्यावर दोन्ही दारें बंद करायचीं."

"मग तुझी पणजी न वाचतां पास झाली म्हणावयाची!"

पुढें कुंभारवाड्याच्या बाजूस उतरलों. येथल्या मातीच्या गढीचें उत्खनन १९५०-५१ सालीं डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शां. भा. देव ह्यांनीं केलें, आणि दोन हजार वर्षांपूर्वींच्या नाशिककरांचीं खापरें तींत सांपडलीं. राजे गेले, राजवटी गेल्या. मातीचें भांडें भाजून टिकाऊ करण्याची विद्या तेवढी अखंड चालत आली. एका ओसरीवर नव्या शेगड्या, पणत्या आणि माठ मांडलेले होते. विकणाऱ्या बाईंना भाच्यानें विचारलें, "आजी, ह्या शेगडींत रॉकेल टाकलेलें चालतें का?"

"टाका कीं," त्या म्हणाल्या. "माठ जसं पाणी पितो तशी ही रॉकेल पिईल, आन् तुमच्या भाकरीला आठ दिवस पाजील."

चिनी मातीहि अखेर मातीच; तिची रंध्रें बारीक असलीं तरी असतात. बाईंनीं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. नव्या मातीला पहिल्या दिवशीं मोठी आंच देऊं नये, आणि तापलेल्या मातीवर पाणी घालूं नये, ती तडकते. आधीं प्यालेल्या तेलाचा वास घालविण्यास उपाय एकच: रिकामी शेगडी एक-दोन वेळां चांगली रसरशीत पेटवून तो जाळून टाकावा.

बुधवारचा आठवड्याचा बाजार गंगेच्या कांठीं भरला होता. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) जवळच्या वखारींत कोळसा घेतला. चांगला कोळसा कसा ओळखावा हेंहि भाच्याला दाखविलें. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखा खणखणीत आवाज आला पाहिजे आणि मोडलेली कड चमकली पाहिजे. बद्द आवाज येणारा कोळसा एक तर ओला किंवा अर्धवट भाजलेला; तो धूर करणार. बाभळीचा कोळसा जड असतो. तो उशिरां पेटतो पण बराच वेळ टिकतो. हलक्या लाकडाचा लवकर पेटतो व लवकर संपतो. आम्ही दोन्ही घेतले, हलका खालीं घालण्यासाठीं आणि बाभळीचा वर.

रामकुंडावरून पंचवटींत गेलों. तपोवनाच्या वाटेवर मला २०१५ चा सिंहस्थ आठवला. त्या वर्षीं तपोवनांत साधुग्राम वसलें होतें आणि प्रत्येक राहुटीपुढें धुनी होती. जाड ओंडक्याचें एक टोंक राखेंत पुरलेलें असे. वरून पाहणाऱ्यास विस्तव विझलेला वाटे. पहाटे साधू राख बोटांनीं बाजूला करी, चार काटक्या ठेवी, आणि एका हलक्या फुंकरीसरशी ज्योत उभी राही. यज्ञांतला अग्नि तर त्याहूनहि मुळापासून निर्माण करतात. शमीवर उगवलेल्या अश्वत्थाच्या अरणी दोरीनें घुसळल्या कीं घर्षणानें काळा भुगा पडतो, तो धुमसूं लागतो, आणि मऊ काथ्यांत अथवा वाळल्या शेणांत घेऊन तो फुंकरीनें फुलवितात. वेदमंत्रांनीं आवाहन केलेल्या अग्नीलाहि आधीं मऊ अंथरूण आणि हलका वारा लागतो. तेथें घाई चालत नाहीं.

परततांना सोमेश्वराच्या धबधब्यापाशीं थांबलों. कणसें भाजणाऱ्या मुलाच्या शेगडीला हातानें फिरवावयाचा लहान पंखा जोडलेला होता. भाच्यानें तो फिरवून पाहिला आणि ठिणग्यांनीं आपल्या बाहीला दोन भोकें पाडून घेतलीं. "साहेब, हळू," तो मुलगा म्हणाला, "ती पेटलीया आधींच." एवढ्या एका फेरींत आमचें शिक्षण पुरें झालें.

त्या दुपारीं रिकामी शेगडी झांकण उघडें ठेवून दोन वेळां रसरशीत पेटविली, तेव्हां तेलाचा वास गेला. संध्याकाळीं खरी परीक्षा. भाच्यानें राख काढली, करवंट्या रचल्या, आईनें वळून दिलेली वात तेलांत बुडवून मध्यें ठेवली आणि खालचें दार सताड उघडलें. प्रथम दाट पांढरा धूर आला, मग तो विरळ झाला, मग नाहींसा झाला. सुमारें अर्ध्या तासांत कोळशांवर राखेची पातळ साय धरली. आंच वाढतांना झांकण एकदम उघडूं नये, आधीं बोटभर उचलून आंत वारा जाऊं द्यावा. नाहींतर कोंडलेला विस्तव हवेसरशी तोंडावर झेप घेतो, हेंहि त्यानें पुस्तिकेवरून मला शिकविलें. वांगीं तडतडूं लागलीं. सूनबाईंनीं खानदेशी पद्धतीच्या बट्ट्या आणल्या. सारें घर अंगणांत जमलें.

इतक्यांत गंगापूर धरणाच्या बाजूनें बोचरा वारा सुटला. मुलें कुडकुडूं लागलीं. अंगणाला लागून कांचेनें बंद केलेली गॅलरी होती. सूनबाई म्हणाल्या, "मामा, शेगडी आंत ओढून घेऊं या का? चाकें आहेतच. तेवढीच खोलीहि गरम होईल."

"हो, आतां धूर मुळींच नाहीं," असें म्हणून भाच्यानें घडवंचीला हात घातला.

हें वाक्य मीं पूर्वीं ऐकलें होतें. सदुसष्ट वर्षांपूर्वीं, त्याच गांवांत. मीं त्याचा हात धरला, आणि जी गोष्ट मीं आजवर कोणालाहि सांगितली नव्हती ती त्या रात्रीं अंगणांत उभ्या उभ्या सांगितली.

१९५८ सालचा पौष. मी आठ वर्षांचा होतों. आई बाळंतपणासाठीं आजोळीं आली होती आणि मुलगी होऊन दहाबारा दिवस झाले होते. माजघरामागची अंधारी खोली बाळंतिणीची. बाजेखालीं शेगडी ठेवण्याची रीतच होती. आजी ती चौकांत पेटवी, धूर जाऊं देई, निळ्या ज्योती बसूं देई, आणि मग "आतां धूर मुळींच नाहीं" असें म्हणून आंत नेई. खोलीच्या भिंतींत वर एक झरोका होता. त्या रात्रीं त्यांतून बर्फासारखा वारा येत होता. आई कुडकुडत होती. मला वाटलें आपण मोठें काम करावें. सारीं निजल्यावर मी पेटीवर चढलों आणि जुन्या धोतराचे बोळे करून झरोका घट्ट बंद केला. कोणालाहि सांगितलें नाहीं. सकाळीं आई शाबासकी देईल अशी माझी कल्पना.

पहाटे आजी बाळाचें पाणी तापवावयास उठली. तिनें हांक मारली, आई उठेना. बाळ लुळें पडलें होतें. आजीनें दार उघडें टाकलें, बाळाला उचलून चौकांत आणलें, आजोबांनीं व मामांनीं आईला बाजेसकट बाहेर काढलें. गार वाऱ्यांत कांहीं वेळानें आईनें डोळे उघडले. तिचें डोकें दिवसभर फुटत होतें व तिला उलट्या होत होत्या. बाळ रडलें तेव्हां आजी मटकन खालीं बसली. डॉक्टर आले. घरांत कोणी म्हणालें अशक्तपणा, कोणी म्हणालें दृष्ट. दुपारीं कोणी नाहीं असें पाहून मीं बोळे काढून टाकले. मला कांहीं समजलें नव्हतें. पण आपण कांहीं तरी केलें आहे एवढें समजलें होतें.

पुढें दहा वर्षांनीं कॉलेजांत रसायनशास्त्राच्या तासाला प्राध्यापकांनीं फळ्यावर कार्बन मोनॉक्साइड लिहिला तेव्हां माझ्या हातापायांतलें बळ गेलें. कोळसा जळतांना जी हवा तळाशीं कर्बवायु होते तीच वरच्या तापलेल्या कोळशांतून जातांना ह्या दुसऱ्या वायूंत पालटते. शेगडीवर नाचणारी निळी ज्योत म्हणजे तोच वायु जळत असतो. ज्योत बसली म्हणजे वायु संपला असें नव्हे. राखेची साय धरलेला लाल निखाराहि तो देतच राहतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, धूर नाहीं. रक्तांतील जें द्रव्य प्राणवायु वाहून नेतें त्याला हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहूनहि अधिक घट्ट चिकटतो. माणसाचें डोकें जड होतें, मळमळतें, झोंप येते. निजलेल्याला तर एवढाहि इशारा मिळत नाहीं. लगेच उघड्या हवेंत नेणें आणि विलंब न लावतां रुग्णालयांत प्राणवायु देणें हाच त्यावर इलाज. आजीला विस्तवाचें सारें ज्ञान होतें, एवढें एक नव्हतें. तिच्या अज्ञानावर झरोक्याचें पांघरूण होतें. तें मीं काढून घेतलें होतें.

मी बोलायचा थांबलों. बट्ट्या करपत होत्या. कोणाचें लक्ष नव्हतें. त्या खोलींतलें बाळ माझ्या समोरच उभें होतें, सदुसष्ट वर्षांचें, हातांत उलथनें घेऊन.

बराच वेळ बहीण कांहीं बोलली नाहीं. मग ती म्हणाली, "दादा, इतकीं वर्षें हें एकट्यानें कशाला बाळगलेंस? आठ वर्षांचा तर होतास!" आणि सुनेकडे वळून म्हणाली, "शाली आण गं सगळ्यांच्या. जेवण बाहेरच होईल."

जेवण बाहेरच झालें. भरताला कोळशाचा खमंगपणा होता आणि रॉकेलचा मागमूस नव्हता. शेवटीं भाच्यानें शेगडीचें खालचें व वरचें अशीं दोन्ही दारें बंद केलीं, तिला अंगणांतच ठेवलें, आणि उरलेल्या बट्ट्या डब्यांत घालून शेजारच्या इमारतीच्या पहारेकऱ्याला द्यावयास निघाला. पाय मोकळे करावे म्हणून मीहि बरोबर गेलों.

फाटकाजवळची पहारेकऱ्याची खोली पत्र्याची, दोन माणसें जेमतेम मावतील एवढी. दार आंतून लावलेलें. खिडकीच्या फटींना वर्तमानपत्र कोंबलेलें. दार वाजविलें तेव्हां तो बऱ्याच वेळानें उठला. "जरा डोळा लागला होता, साहेब," असें म्हणत त्यानें डोकें चोळलें. त्याच्या पायांशीं घमेल्यांत कोळसे होते, छान फुललेले, राखेची साय धरलेले. धूर मुळींच नव्हता.

भाच्यानें कांहीं न बोलतां आधीं दार सताड उघडलें, मग घमेलें उचलून बाहेर फाटकाशीं ठेवलें, मग वर्तमानपत्राचे बोळे एकेक करून काढले. त्याला बाहेर मोकळ्या हवेंत बसवून आम्ही बराच वेळ त्याच्याशीं बोलत राहिलों. डोकें उतरलें, मळमळ नाहीं, असें तो म्हणाला तेव्हां भाच्यानें डबा त्याच्या हातीं दिला आणि शेजारीं बसून आजोळच्या झरोक्याची गोष्ट त्याला पहिल्यापासून सांगितली. मग घरून दोन जाड घोंगड्या आणून दिल्या.

वाचकांच्या घरीं आतां शेगडी नसेल. पण त्यांच्या इमारतीच्या फाटकाशीं एखादी पत्र्याची खोली नक्की असेल. थंडी पडली कीं रात्रीं एकदां तिकडे डोकवावें.